तारवाला, चामवाला

आमच्या चहाटपरीवर सिनेमाच्या संगीतकारांची नावं कुणी घेत नाही. एक तारवाला आणि एक चामवाला, एवढ्यावर काम भागतं. पडद्यावर कुणी रडायला लागलं की ज्याची पन्नास-साठ व्हायोलिनं एकदम उठतात तो तारवाला. कुणी कुणाला मारायला निघालं की जो ढोल, ताशे, नगारे आणि माणसाच्या उंचीचे परदेशी ड्रम कुटायला लावतो तो चामवाला. दोघंही मोठे, दोघंही हयात, आणि आंबागडच्या किल्ल्याखाली आमचं गाव आहे याचा दोघांनाही पत्ता नाही. त्यांच्यावरून आम्ही मात्र मिसरूड फुटल्यापासून भांडत आलो आहोत.

आम्ही म्हणजे मुख्यतः दोघं. मी तारवाल्याच्या पक्षाचा. चामवाल्याच्या पक्षाचा म्हणजे टपरीसमोर मोटार वाइंडिंगचं दुकान चालवणारा माझा वर्गमित्र. शेतातल्या पंपाची मोटार जळली की आजूबाजूच्या गावांतली माणसं ती खांद्यावर घालून त्याच्याकडे येतात. दुकानात त्यानं स्वतः ठोकून बनवलेले दोन स्पीकर आहेत, धानाच्या कोठीएवढे. मोटार दुरुस्तीला दोन दिवस लागतील असं तो गिऱ्हाइकाला सांगतो, त्यातला एक दिवस स्पीकरचा असतो.

गाण्यांवरून भांडणारे गावोगावी सापडतील. आम्ही गाण्यांवरून भांडत नाही. माणसं पडद्यावर बोलतात, चालतात, मरतात, तेव्हा त्यांच्या पाठीशी जे वाजत असतं त्याला आम्ही ‘मागचं’ म्हणतो, आणि भांडण त्या मागच्याचं असतं. कुठली शिटी कुठं आली, नायकाचा बाप दार उघडतो त्याआधी चेलो सुरू झाला की नंतर, यावर आमचे अख्खे रविवार गेले आहेत. बायको म्हणते, “अजी, पिक्चर पाहाले जाता का पिक्चरच्या मागं पाहाले जाता?” तिचा प्रश्न रास्त आहे.

टपरीवर आणखी दोघं असतात. एक निवृत्त मास्तर. त्यांचं म्हणणं, गाणंच चांगलं नसेल तर मागच्याला घेऊन काय करायचं. ते असं बोलले की मी आणि वाइंडिंगवाला आपलं भांडण बाजूला ठेवून दोघं मिळून त्यांच्यावर तुटून पडतो. दुसरा तुमसर–बपेरा गाडीचा ड्रायव्हर. तो टॉकीजमध्ये हटकून झोपतो, पण कोण जिंकलं याचा निकाल तोच देतो, आणि तो सगळ्यांना मान्य असतो.

आमचे नियम दोनच. ज्यानं ऐकलं नाही त्यानं बोलायचं नाही, हा पहिला. दुसऱ्याला ‘बरोबर आहे’ असं जो म्हणेल त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा, हा दुसरा. चहा बहुतेक वेळा मास्तरच पाजतात, कारण त्यांना सभ्यतेची खोड आहे. ड्रायव्हर कधीकधी पाजतो. मीही पाजला आहे, दात-ओठ खाऊन. वाइंडिंगवाल्याच्या तोंडून मात्र ते दोन शब्द कुणी कधी ऐकले नव्हते. त्याचे ठरलेले शब्द वेगळे होते. मी तारांचं वर्णन रंगात येऊन करत असलो, त्या कशा खालून वर चढत गेल्या आणि बाईच्या चेहऱ्यापाशी येऊन कशा थांबल्या ते हातानं दाखवत असलो, की तो चहाचा ग्लास खाली ठेवायचा आणि म्हणायचा, “भैरा हायेस काय बे? खालून ढोल चालू होता म्हणून तुह्या तारा उभ्या राहिल्या. ढोल काढ, आन् मंग पाह्य.”

भैरा म्हणजे बहिरा. आमच्या भागात तो आजार नव्हे, बोलण्याची सुरुवात आहे. आई मुलाला म्हणते, कंडक्टर प्रवाशाला म्हणतो. वाइंडिंगवाल्यानं तो शब्द मला इतक्यांदा ऐकवला असेल की माझं ते दुसरं नावच म्हणायला हरकत नाही.

आता जे सांगायचं ते सांगून टाकतो. माझे कान गेले आहेत. पूर्ण नाही. माणूस समोर बसून बोलला तर कळतं, ट्रकचा हॉर्न कळतो, ढोल तर छातीतच वाजतो. वरचे सूर गेले. बासरी, शिटी, पैंजण, पाखरं. आणि तारा.

मी तुमसर रोडवरच्या एका राईस मिलमध्ये सुपरवायझर आहे. लग्नाच्या आधीपासून तिथंच आहे. मिल सुरू असली की तिथं कुणी कुणाशी बोलत नाही, हातानं सांगतात. कानात कापूस घालायचा असतो हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच घालत नव्हतं, कारण कापूस घातला की मशीनचा आवाज बिघडलेला कळत नाही. मशीनचा बिघाड आम्हाला लगेच कळायचा. स्वतःचा कळायला वेळ लागला.

सुरुवात रातकिड्यांपासून झाली. धान पोटरीला आलं होतं, संध्याकाळी आम्ही अंगणात बसलो होतो, आणि मी बायकोला म्हणालो, यंदा रातकिडे उरलेच नाहीत, लोकांनी फवारण्या करून करून सगळं मारून टाकलं. त्यावर मी बरंच बोललो. औषधांच्या दुकानदारांना नावं ठेवली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “वरडून तं राहिले जी.” मला वाटलं ती बेडकांबद्दल बोलते आहे. बेडूक मला ऐकू येत होते.

मग तारवाल्याचा नवा सिनेमा आला. आम्ही चौघं तुमसरला जाऊन पाहून आलो. रविवारी टपरीवर मी माझ्याच माणसावर घसरलो. म्हणालो, म्हातारा झाला तो. जीव गेला त्याच्या संगीतातला. नुसतं खाली घुमतंय, वर कुणी जातच नाही. व्हायोलिनवाल्यांना घरी पाठवलं की काय! मास्तर चष्म्यावरून बघायला लागले. वाइंडिंगवाल्याला तर दिवाळीच झाली. “भैरा हायेस काय बे? पयल्यांदा तं त्यानं बरं केलं, आन् तू त्यालेच शिव्या देऊन राहिला?” तो तारांची बाजू घेतो आहे, ही गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती. पण मी रागात होतो. ज्याच्यासाठी मी उभं आयुष्य भांडलो त्यानं असा कामचुकारपणा करावा, याचा मला खराखुरा राग आला होता.

शेवटी बायकोनं भंडाऱ्याला डॉक्टरकडे नेलं. काचेच्या खोलीत बसवलं, कानांना हेडफोन लावले, हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. पहिले काही आवाज आले, मी दाबलं. मग काहीच येईना. बराच वेळ बसून राहिलो. मला वाटलं मशीन बंद पडलं. मिलमध्ये असा खोळंबा झाला की आधी फ्यूज पाहतात, म्हणून मी काचेतून त्या मुलीला खूण केली की तुमचं मशीन बघा. ती माझ्याकडे बघून हसली नाही, हे मला आवडलं.

डॉक्टरांनी कागदावरची रेघ दाखवली. तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, चालता चालता पाण्यात उतरावं तशी ती रेघ अर्ध्यापर्यंत सरळ होती आणि मग खाली गेली होती. गेलेलं परत येणार नाही, म्हणाले. कानामागे मशीन लावा, बोलणं सोपं जाईल. मी विचारलं, व्हायोलिन? ते थोडे गोंधळले. गावाकडून आलेला मिलमधला माणूस व्हायोलिन का विचारतो, हे त्यांना समजेना. थोडाफार फरक पडेल, म्हणाले, पण पूर्वीसारखं सांगता येत नाही.

खाली येऊन आम्ही बसस्टँडवर समोसे खाल्ले. बायको रडत होती. मी तिला म्हटलं, चटणी आंबट आहे. बस नदीच्या पुलावरून गेली, पाणी होतं, मी पाहिलं. आता काहीतरी वाटेल म्हणून मी वाट बघत होतो. काही वाटलं नाही. दात काढायला गेल्यावर सुई देतात आणि मग गालाला हात लावला तरी तो दुसऱ्याचा गाल लागतो, तसं मला स्वतःचं होऊन बसलं होतं. आपल्या भाषेत बधिर हा शब्द कानालाही चालतो आणि अंगालाही. मला तो दोन्हीकडे लागू पडला, आणि त्याचंही मला विशेष काही वाटलं नाही.

कानामागचं मशीन घेतलं. घरी लावतो. टपरीवर लावत नाही, शर्टाच्या खिशात ठेवतो. याला भित्रेपणा म्हणा. पण ज्यानं ऐकलं नाही त्यानं बोलायचं नाही, हा नियम मीच केलेला होता, एकदा मास्तरांना गप्प करण्यासाठी. त्या नियमानं माझी जागा गेली असती. आणि त्याहून वाईट म्हणजे ती कुणी काढून घेतली नसती. बस गा, म्हणाले असते, बोल तू, तुझं बरोबर आहे. मिलमधून आता दोन-तीन वर्षांत सुट्टी होणार, शेती भाऊ बघतो, पोरगी नागपूरला नांदते. रविवारी सकाळी कुणीतरी माझ्याशी भांडावं, एवढीच माझी मिळकत उरली होती. ती मला दयेत बदलून घ्यायची नव्हती.

म्हणून मी पक्ष बदलला. चामवाल्याकडे गेलो. जे ऐकू येतं त्यावरच बोलावं, म्हणजे नियमही मोडत नाही. एका रविवारी मी जाहीर केलं की ढोलात जी ताकद आहे ती तारांत नाही. टपरीवर असा हलकल्लोळ झाला की समोरच्या पानठेल्यावरची माणसं उठून आली. ड्रायव्हर म्हणाला, “आमदारासारखा पार्टी बदलून राहिला का गा?” मास्तरांनी मला नमस्कार केला. मग वाइंडिंगवाला, ज्यानं जन्मभर माझ्याकडून हेच ऐकायचं स्वप्न पाहिलं असणार, तो ग्लास खाली ठेवून माझ्याकडे वळला. आणि मग तारांच्या बाजूनं भांडायला लागला.

मला गंमत वाटली. त्याला भांडणाशी मतलब, पक्षाशी नाही, असं मी समजलो. पुढच्या रविवारपासून तो तारवाला आणि मी चामवाला. तो व्हायोलिनांचं वर्णन करायचा, चांगलं करायचा. इतकी वर्षं मी जे जे बोललो होतो ते त्याला पाठ होतं. जुन्या सिनेमातल्या तारा मलाही पाठ आहेत. कुठं उठायच्या, कुठं बसायच्या, मला ठाऊक आहे, आणि ठाऊक आहे तिथं कान नसला तरी ऐकू येतं. त्यामुळं जुन्या सिनेमांवर आमचं छान चालायचं. तो टपरीवर माझ्या उजव्या बाजूला बसायला लागला, हे मी पाहिलं होतं. उजवा कान माझा जरा बरा आहे. त्याची जागा पूर्वी समोर होती. ऊन लागत असेल, असं मी धरून चाललो.

नव्या सिनेमाचं तसं नसतं. त्यात पाठ काहीच नसतं.

या हिवाळ्यात तारवाल्याचा आणखी एक सिनेमा आला. धानाचं चुरणं, म्हणजे मळणी, आटोपली तसे आम्ही चौघं दुपारच्या खेळाला गेलो. शेवटी एक बाई नदीच्या घाटावर एकटी उभी आहे. नवऱ्याच्या चपला तिच्या हातात आहेत. कुणी बोलत नाही. कॅमेरा तिच्याकडे हळूहळू जातो, जातो, आणि सिनेमा संपतो. त्या पूर्ण सीनला मागे काही नव्हतं. एक सूरही नाही. दिवे लागले तरी मी बसून होतो. भंडाऱ्याहून परतल्यापासून पहिल्यांदा माझ्या आत कुठंतरी काहीतरी हललं. मला वाटलं, याला म्हणतात उस्ताद माणूस. पन्नास-साठ व्हायोलिनं ज्याच्या हुकमात आहेत, त्यानं शेवटच्या सीनला सगळ्यांना हात खाली ठेवायला लावले. बाईला एकटीला उभं केलं.

रविवारी मी टपरीवर सगळ्यांच्या आधी पोचलो. चहा येईपर्यंतही थांबलो नाही. म्हणालो, मी परत तारवाल्याकडे आलो, मला शिव्या द्या. त्या शेवटच्या सीनला त्यानं जी शांतता ठेवली ती ठेवायला छाती लागते. चामवाला असता तर तिथं ढोल घातला असता. तारवाला पूर्वीचा असता तर तारा घातल्या असत्या. पण याला कळलं की आता काही वाजवायचं नाही. मी किती वेळ बोललो कुणास ठाऊक. हात करून, उभा राहून बोललो. कित्येक महिन्यांत मी एवढा बोललो नव्हतो. माझ्या अंगात जीव आला होता, आणि तो आला आहे हे मला कळत होतं.

थांबलो तेव्हा मास्तर ग्लासात बघत होते. ड्रायव्हर, जो सिनेमात झोपला होता, तो मास्तरांकडे बघत होता. मग मास्तर हळूच म्हणाले, “अहो, पण तिथं तर... व्हायोलिनच...”

“मास्तर,” वाइंडिंगवाला म्हणाला.

नुसतं ‘मास्तर’. जोरात नाही. मास्तर थांबले.

मी वाइंडिंगवाल्याकडे वळलो. तो आता ग्लास खाली ठेवील आणि भैरा हायेस काय बे म्हणेल, याची मी वाट बघत होतो. ग्लास त्यानं ठेवला. माझ्याकडे पाहिलं नाही. टपरीच्या छपराकडे पाहत म्हणाला, “बरोबर आहे याचं. काहीच नव्हतं तिथं. शांतताच होती.”

आणि चहावाल्याला म्हणाला, “चार चहा दे गा. माह्याकडून.”

चहा आला. सगळ्यांनी घेतला. मास्तरांनी रुमालानं चष्मा पुसला आणि परत पुसला. मला सगळं एकदम समजलं आणि समजल्यावर सगळं परत गार पडलं. त्या सीनला तारा होत्या. सुरुवातीपासून शेवटपर्यंत होत्या, सगळ्यांत वरच्या, बारीक, कदाचित त्यानं आजवर लिहिलेल्या सगळ्यांत चांगल्या. टॉकीजमधल्या प्रत्येकानं त्या ऐकल्या, झोपलेल्यानंसुद्धा झोपेत ऐकल्या असतील. आणि मी समोर उभा राहून त्या नसल्याबद्दल त्याची तारीफ करत होतो. शरम वाटायला हवी होती. वाटली नाही. माझी जागा गेली हे मात्र स्पष्ट कळलं, कारण मी जिंकलो होतो. मी चहा पूर्ण प्यायलो. गोड होता.

वाइंडिंगवाल्यानं दुकान उघडलं तसा मी त्याच्या मागोमाग गेलो. त्यानं एक जळालेली मोटार पुढ्यात ओढली आणि तांब्याची तार सोडवायला बसला. स्पीकर बंद होते. मी दारात उभा राहिलो.

“कदी समजलं तुले?” मी विचारलं.

“तारवाल्याले शिव्या देऊन राहिला होतास ना टपरीवर, तवापासून.” तो मोटारीकडे बघूनच बोलत होता, मग लक्षात येऊन त्यानं मान वर केली. “मागून हाका मारल्या तरी तू वळतच नाही गा.”

म्हणजे पक्ष त्यानं बदलला होता तो मला भांडता यावं म्हणून. आणि तो मला भैरा म्हणायचा थांबला होता, तेही तेव्हापासूनच. इतके रविवार गेले आणि माझ्या ते ध्यानातच आलं नव्हतं.

“मंग एक काम कर,” मी म्हणालो. “म्हण एक डाव.”

“काय?”

“भैरा हायेस काय बे, म्हण. पयल्यासारखं.”

“जाऊ दे ना गा.”

“म्हण म्हंतो ना. म्हटलं नाहीस तं पुढच्या रविवारी मी येत नाही.”

त्यानं हातातली तार खाली ठेवली. उठून जवळ आला. माझ्या उजव्या बाजूला उभा राहिला, तोंड माझ्याकडे केलं, आणि म्हणाला. शब्द तेच होते. पण त्यानं ते सावकाश म्हटले, मोठ्यानं, एकेक अक्षर वेगळं सोडवून, ओठ नीट दिसतील असे. भैऱ्या माणसाशी बोलतात तसे.